धामापूरचा तलाव : बारमाही सहलीचे एक स्थान

शाळेची सहल म्हटली की आपल्या मनात प्रथम समुद्र येतो. त्यानंतर किल्ले, देवालये, धबधबे आणि मोठमोठी धरणे येतात. खेड्याच्या कुशीत निवांत पडून राहिलेल्या लहानशा तलावाची आठवण सहसा कोणाला होत नाही. वास्तविक पाहता समुद्र पावसाळ्यात खवळतो, धबधबा उन्हाळ्यात आटतो, आणि वैशाखातल्या दुपारी किल्ला चढणे नकोसे होते. लहान तलाव मात्र बाराही महिने काही ना काही दाखवीत असतो. मात्र तो कोणत्या महिन्यात काय देतो आणि आपल्याकडून काय मागतो, हे आधी ठाऊक असले पाहिजे. ही ओळख व्हावी म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील धामापूर या गावच्या तलावाचे उदाहरण येथे घेतले आहे.

स्थान आणि वाट

धामापूर हे मालवण तालुक्यातील एक खेडे. कुडाळहून मालवणकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर ते वसलेले आहे. आपल्या गोव्यातून निघाल्यास पत्रादेवी, बांदा व सावंतवाडी ही गावे मागे टाकीत कुडाळ गाठावे. बेळगावकडील मंडळींना आंबोली घाट उतरून सावंतवाडीस व तेथून कुडाळास येता येते. कोकण रेल्वेचे स्थानकही कुडाळास आहे. कुडाळहून नेरूरमार्गे निघाले की नेरूरपार येथे कर्ली नदीवरचा पूल लागतो. नदी ओलांडली की रस्ता पुन्हा नारळी-पोफळींच्या सावलीत शिरतो, आणि थोड्याच वेळात दोन डोंगरांच्या मध्ये निवांत पसरलेले पाणी दृष्टीस पडते.

तलावाच्या एका बाजूस मातीचा जुना बांध आहे व बांधालगत श्रीभगवती देवीचे मंदिर आहे. उरलेल्या बाजूंनी दाट झाडी थेट पाण्यावर ओणवलेली आहे. सकाळच्या प्रहरी वारा नसताना डोंगर, झाडे आणि आकाश यांचे प्रतिबिंब पाण्यात असे काही उमटते की काठ कोठे संपतो व पाणी कोठे सुरू होते हे चटकन ध्यानात येत नाही. येथे नौकाविहाराची सोय होत आलेली आहे. तथापि पाण्याच्या पातळीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे ती कमी-अधिक असते. म्हणून सहल ठरविण्यापूर्वी गावात चौकशी करणे इष्ट होय.

पावसाच्या देशात तलाव कशासाठी?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने केवळ एका हेक्टरवर वर्षाला तीन कोटी लिटर पाणी आकाशातून उतरते. इतकी समृद्धी असताना आपल्या पूर्वजांनी तलाव बांधण्याचे श्रम कशासाठी घेतले, असा प्रश्न कोणासही पडेल.

याचे उत्तर कोकणच्या भूमीत आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर येथे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. उतार तीव्र आणि नद्या आखूड. त्यामुळे घाटात पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. त्यातच भूमीवर जांभ्या दगडाचे थर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे वाहून जाते आणि फार काळ टिकत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून जातो, आणि पुढचे आठ महिने भूमीला त्या साठ्यावरच काढावे लागतात. आषाढात ज्या घराच्या अंगणात गुडघाभर पाणी साचते, त्याच घरची स्त्री वैशाखात विहिरीच्या तळाशी बुडणारी घागर ओढीत असते. हा कोकणचा जुना अनुभव आहे.

वाहून जाणाऱ्या पाण्यास मध्येच अडवून थोडा वेळ थांबविणे हे तलावाचे कार्य होय. अडलेले पाणी मोऱ्यांवाटे शेतांस व बागायतींस मिळते. शिवाय बांधाच्या पायथ्यापासून ते हळूहळू झिरपत राहते, व त्यामुळे खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यातही जिवंत राहतात. पोफळीच्या झाडास वर्षभर ओल लागते. धामापूरच्या परिसरातील पोफळींच्या बागा म्हणजे तलावाच्या कार्याची डोळ्यांना दिसणारी खूणच आहे. मालवण शहरासही पिण्याचे पाणी याच तलावातून मिळते. तेव्हा आपण ज्या पाण्यावर होडी फिरविणार, ते पाणी कोणाच्या तरी घरच्या हंड्यात जावयाचे असते, हे पहिल्यापासून लक्षात ठेवावे.

बांधणाऱ्यांची दृष्टी

हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. तो मनुष्याच्या हातांनी घडलेला आहे. विजयनगरच्या साम्राज्यकाळी, इ. स. १५३० मध्ये, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने तो बांधला असे परंपरेने सांगितले जाते. याच १५३० साली पोर्तुगीजांनी आपली हिंदुस्थानातील राजधानी कोचीहून गोव्यास आणली. तिकडे परकी सत्ता आपले आसन स्थिर करीत असताना इकडे एका खेड्यातील माणसे डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून बांध घालीत होती. त्या राजधानीची, जुन्या गोव्याची, वस्ती पुढे ओसाड पडली. खेड्यातला बांध मात्र अद्याप पाणी धरून उभा आहे.

तलाव कोठे व कसा बांधावा यासंबंधी त्या काळच्या लोकांजवळ अनुभवाने तयार झालेले शास्त्र होते. आंध्र प्रदेशातील पोरुमामिळ्ळ येथे विजयनगरकालीन मोठा तलाव आहे. तेथील इ. स. १३६९ च्या शिलालेखात चांगल्या तलावाची बारा अंगे आणि सहा दोष दिलेले आहेत. जमीन कठीण असावी, जवळ डोंगर असावा, बांध फार लांब नसावा पण भक्कम असावा, तळ खोल व विस्तीर्ण असावा, पाण्याचे शास्त्र जाणणारा मनुष्य असावा, कुशल कारागीर असावेत, ही त्यांतील काही अंगे. बांधातून पाणी पाझरणे, जमीन खारट असणे, पाणी थोडे आणि भिजवायची जमीन फार असणे, हे त्यांतील काही दोष.

आता धामापूरच्या बांधावर उभे राहून सभोवार पाहावे. दोन्ही अंगांस डोंगर असल्यामुळे तिसऱ्या बाजूस थोड्या लांबीचा बांध घालूनच पुष्कळ पाणी अडविता आले. डोंगरांवर झाडी असल्याने पावसाबरोबर येणारी माती मुळांनी धरून ठेवली आणि तलाव गाळाने भरून गेला नाही. वरचे जंगल आणि खालचे पाणी ही दोन निराळी स्थळे नव्हेत. जंगल तोडले तर तलाव भरेल, पण तो मातीने भरेल.

अशा जुन्या आणि आजही उपयोगात असलेल्या जलरचनांचा गौरव करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोग ही संस्था जागतिक वारसा सिंचन रचनांची सूची ठेवते. निदान शंभर वर्षे जुन्या असलेल्या रचनांनाच तीत स्थान मिळते. २०२० साली धामापूरच्या तलावाचा या सूचीत समावेश झाला. पोरुमामिळ्ळच्या तलावासही त्याच वर्षी हा मान मिळाला. विजयनगरच्या अमलातील ही दोन भावंडे अशी पुन्हा एकत्र आली.

परडीची कथा

बांधावरच्या मंदिराशी एक सुंदर लोककथा निगडित आहे. गावातील एखाद्या गरिबाच्या घरी लग्नकार्य निघाले आणि अंगावर घालावयास दागिने नसले, तर त्या घरच्या माणसाने सायंकाळी फुलांची परडी तलावाच्या पाण्यात सोडून देवीची प्रार्थना करावी. सकाळी परडीत सोन्याचे दागिने ठेवलेले असत. कार्य उरकले की ते दागिने जसेच्या तसे परत पाण्यात अर्पण करावयाचे, एवढीच अट होती. पुढे कोणा एकाला लोभ सुटला. त्याने दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून देवीने देणे बंद केले.

तळ्यातून भांडी किंवा दागिने मिळत असल्याच्या अशा कथा महाराष्ट्रातील इतरही अनेक गावी ऐकावयास मिळतात. ही कथा खरी की खोटी हा वाद येथे नको. ती रचणाऱ्याला तलावाचा स्वभाव नेमका उमगला होता, एवढे खरे. तलावाजवळ स्वतःचे असे काही नसते. पावसाने दिलेले तो सांभाळतो आणि गरजवंतास उसने देतो. घेणाऱ्याने परतफेड केली नाही तर त्याची परडी रिकामी राहते.

बारा महिन्यांचे रूप

ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस सुरू होतो. डोंगरावरून येणारे पहिले पाणी तांबडे असते, आणि तलावाचा रंगही काही दिवस गढूळ होतो. पहिल्या पावसाच्या पुरात काही मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत व शेतांत चढतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. बेडकांचे आवाज रात्रभर चालू असतात. आषाढ-श्रावणात तलाव तुडुंब भरतो व जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहू लागते. या दिवसांत होडीचे नाव काढू नये. प्रवाहाची ओढ वरून दिसत नाही, आणि सरी व वारा यांचा नेम नसतो. छत्री घेऊन देवळाच्या आसऱ्यास बसावे आणि पाण्यावर पाऊस कसा धावत येतो ते पाहावे. सांडव्याचे दृश्य सुरक्षित अंतरावरूनच पाहावे. शेवाळलेल्या दगडांवर पाऊल ठेवू नये.

भाद्रपद ओसरला, आश्विन लागला की गाळ खाली बसून पाणी निवळते. शरद ऋतूत तलाव वर्षातील सर्वांत देखणा असतो. पाणी भरपूर, आकाश स्वच्छ आणि झाडी ताजी. काठावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगत असतात. त्यांच्यातील एक जात भारतातून निघून, वाऱ्याच्या साहाय्याने हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. बोटभर लांबीच्या जीवाचे हे साहस ध्यानात घेतले म्हणजे त्याला दोरा बांधून खेळण्याची इच्छा कोणालाही होणार नाही. कोजागरीच्या रात्री काठावर बसून चंद्राचे प्रतिबिंब पाहण्यासारखा दुसरा आनंद नाही. मात्र रात्री होडी पाण्यात घालू नये.

कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ नौकाविहारास उत्तम. सकाळी पाण्यावर धुके तरंगते. रात्री हवा लवकर थंड होते, पण पाण्याची ऊब टिकून राहते. त्या उबदार पाण्याची वाफ थंड हवेत थिजून हे धुके होते. ऊन वर आले की ते विरते आणि पक्ष्यांचे राज्य सुरू होते. पाण्यात बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली, पंख पसरून ते वाळवीत बसलेला पाणकावळा, फांदीवरून बाणासारखा सूर मारणारा खंड्या, काठावर चोरासारखा निश्चल उभा राहणारा वंचक आणि तरंगत्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, हे कोकणातल्या अशा तलावांचे नेहमीचे रहिवासी होत. झाडीतून मधूनच धनेशाच्या पंखांचा मोठा आवाज ऐकू येतो. हे सारे पाहावयाचे असेल तर बोलणे थांबविले पाहिजे. गाणी लावणारा कर्णा घेऊन येणाऱ्याला तलावाचा निम्मा भाग पाहावयास मिळत नाही.

फाल्गुनापासून पाणी उतरू लागते. काठावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेषा उमटतात. उन्हाने वरचे पाणी तापते. तापलेले पाणी हलके असल्याने ते वरच राहते, व खालचा थर गार राहतो. वरून कोमट वाटणाऱ्या पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यास एकाएकी गारठा लागून पायात गोळे येण्याचा संभव असतो. पाणी कमी झाल्यामुळे बुडालेले खुंट व खडक पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून होडी माहितगारानेच चालवावी. करवंदे, जांभळे व काजू यांचा हा हंगाम आहे. दुपार काठावरच्या गर्द सावलीत वाचनात घालवावी. उन्हाळ्यातली ही शांत दुपार ज्याने अनुभवली, त्याला तलाव केवळ हिवाळ्यात पाहण्याची वस्तू आहे असे वाटणार नाही.

होडी तरंगते कशी आणि चालते कशी

लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाची होडी तरंगते, याचे कारण आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी सांगितले. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. समजा, एका पेटीसारख्या होडीचा तळ दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे, तिचे वजन १०० किलो आहे आणि तीत ५० किलो वजनाची चार मुले बसली आहेत. एकूण वजन ३०० किलो झाले. म्हणजे होडीने ३०० लिटर पाणी बाजूस सारले पाहिजे. तीन चौरस मीटरच्या तळाने ३०० लिटर पाणी सारण्यास होडी १० सेंटिमीटर बुडेल. तिच्या भिंती ४० सेंटिमीटर उंच असतील तर ३० सेंटिमीटर भिंत पाण्याच्या वर राहील.

आता त्याच होडीत बारा मुले बसविली. वजन ७०० किलो झाले, होडी सुमारे २३ सेंटिमीटर बुडाली, आणि सुमारे १७ सेंटिमीटर भिंत वर उरली. ‘अजून वीतभर भिंत वर आहे, काळजी कशाची?’ असे कोणी म्हणेल. परंतु चार मुले एका बाजूस वाकली आणि होडी १० अंशांनी कलली, तर त्या बाजूची कड सुमारे १३ सेंटिमीटर खाली जाते. उरली ४ सेंटिमीटर. एक लहानशी लाट आत आली की होडीचे वजन वाढते, ती आणखी बुडते, आणखी पाणी आत येते, आणि भय वाटून मुले उभी राहतात. उभे राहिल्याने वजनाचा मध्य वर सरकतो व होडी अधिकच डळमळते. येथपर्यंत येण्यास काही क्षणच पुरतात. ‘एक-दोघे जास्त बसले तर काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर हे गणित देते.

वल्हे हे तरफेचे उत्तम उदाहरण आहे. पाते पाण्यात रुतवून आपण मूठ ओढतो. पाते पाण्यास मागे रेटते आणि पाणी तितक्याच बलाने होडीस पुढे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. दोन वल्ही चालविणारा मनुष्य होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, कारण पाठ व पाय यांचे बल ओढण्यात अधिक लागते. दोन्ही वल्ही सारख्या जोराने ओढली तर होडी सरळ जाते. डावे वल्हे जोराने ओढले तर ती उजवीकडे वळते. पायांनी चालविण्याच्या होडीत वल्ह्याऐवजी पंख्याचे चाक असते व वळविण्यासाठी सुकाणूची दांडी असते. नियम तोच. नवशिक्याने हाताची घाई करू नये. पाते पुरते बुडवावे, एकसारखे ओढावे, अलगद उचलावे. लय साधली की श्रम निम्मे होतात.

वाऱ्याचा अंदाजही होडी चालविणाऱ्यास असावा लागतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. त्यामुळे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, आणि रात्री उलट दिशेने मतलई वारे वाहतात. समुद्र येथून फार दूर नसल्याने दुपारनंतर तलावावरही लहरी उठतात. म्हणून नौकाविहार सकाळीच उरकावा. वारा असेल तर प्रथम वाऱ्यासमोर जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. याच्या उलट करणारा मनुष्य जाताना खुशीत असतो आणि येताना घाबराघुबरा होतो.

न विसरण्याचे नियम

विद्यार्थिमित्रांनो, पुढचे थोडे लिहिणे कठीण वाटते, पण ते टाळता येत नाही. दि. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीस आलेल्या मुलांची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तो समुद्र नव्हता, पूर आलेली नदी नव्हती. तो शहरातला एक शांत तलाव होता. सकाळी डबा घेऊन घरून निघालेली ती मुले तुमच्यासारखीच होती.

म्हणून जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे बांधल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये. मनुष्याचे शरीर पाण्याच्या जवळजवळ तितक्याच घनतेचे असते. डोके पाण्यावर राहण्यास थोडासाच आधार पुरतो, आणि जाकीट तेवढाच देते. आपल्याकडे पोहावयास शिकविताना पाठीस सुकवलेला भोपळा बांधीत, त्यातले तत्त्वही हेच. जाकीट हे भित्र्याचे लक्षण समजणाऱ्याने भोपळा बांधून पोहणे शिकलेल्या आपल्या आजोबांना विचारावे.

होडीवर किती माणसे बसावीत हा आकडा लिहिलेला असतो. तो वाचावा, आणि त्याहून एक जरी माणूस अधिक बसू लागला तर आपण स्वतः उतरावे. बसल्यावर जागा बदलू नये, उभे राहू नये, छायाचित्रासाठी सगळ्यांनी एका बाजूस झुकू नये. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. उलटी होडीही बहुधा तरंगते, आणि काठ दिसतो त्याहून लांब असतो. दुसरा कोणी बुडत असेल तर पाण्यात उडी न घालता दोरी, काठी, रिकामा डबा असे काहीतरी त्याच्याकडे टाकावे व मोठ्या माणसांस हाक मारावी. पोहण्याचा मोह तर टाळावाच. सिंधुदुर्गाच्या नद्या-खाड्यांत आणि काही तलावांत मगरी आहेत, आणि गावकऱ्यांनी ‘उतरू नका’ म्हटले तर त्यामागे अनुभव असतो. शिक्षकांनी ‘आज होडी नको’ असे म्हटले, तर तो दिवस काठावर घालवावा. तलाव पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.

परतफेड

परडीच्या कथेतील अट आपल्यासही लागू आहे. या तलावापासून आपण एक दिवसाचा आनंद उसना घेतो, तो फेडावयाचा कसा?

काही गोष्टी न करणे ही पहिली फेड. पाण्यात साबण लावून अंग किंवा कपडे धुऊ नयेत. साबणातील व अन्नाच्या खरकट्यातील द्रव्यांनी पाण्यातील शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. घरच्या काचपात्रातील शोभेचे मासे दया म्हणून तलावात सोडू नयेत. ते तगले तर मूळच्या माशांना उपाशी मारतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्या दप्तरातून आल्या त्याच दप्तरातून परत जाव्यात.

काही गोष्टी करणे ही दुसरी फेड, आणि ती उच्च माध्यमिक व माध्यमिक वर्गांतील मुलांना सहज करता येईल. यासाठी धामापूरच पाहिजे असे नाही. आपल्या गावचे तळे घ्यावे. एक पांढरी ताटली दोरीस आडवी बांधून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ती पाण्यात हळूहळू सोडावी, आणि ती दिसेनाशी होते त्या ठिकाणी दोरीस गाठ मारावी. ती खोली म्हणजे पाण्याच्या निर्मळपणाचे माप. काठावरच्या एखाद्या पक्क्या दगडावर खुणा करून पाण्याची पातळी नोंदवावी. दिसलेल्या पक्ष्यांची नावे व संख्या लिहावी. जवळच्या एका विहिरीची खोलीही मोजावी. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी वर्षभर हे केले तर बारा ओळींचा एक तक्ता तयार होईल. त्यात आषाढातला गढूळपणा, शरदातली निवळ आणि वैशाखातली ओढ आकड्यांनी दिसेल. दहा वर्षे दहा वर्गांनी हेच काम चालविले, तर तळे सुधारते आहे की बिघडते आहे हे सांगणारा पुरावा त्या गावाजवळ राहील. गाळ काढण्याची किंवा वरची झाडी राखण्याची मागणी ग्रामसभेत करताना अशी वही मोठ्या भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

जवळजवळ पाच शतके धामापूरच्या पाण्याने शेते भिजविली, विहिरी भरल्या आणि पाहुण्यांचे डोळे निवविले. प्रत्येक पिढीने बांधावर थोडी माती घातली, कोठे पाझर फुटला तो बुजविला, डोंगरावरची झाडे राखली, म्हणून हे घडले. त्या माणसांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. येत्या सहलीत आपण त्या बांधावरून चालाल, तेव्हा क्षणभर थांबून पायाखालच्या मातीकडे पाहावे, आणि मग जाकिटाचे पट्टे नीट बांधून होडीकडे वळावे.